गिरणी उजव्या कानात ठेवा

सेंतेतियेन,
४ जुलै १९५४

प्रिय आजी,

तुझं पत्र पोचलं. ‘तुमच्या सायकलींना आता मुळं फुटली असतील’ हा टोमणाही पोचला. तर ऐक, मुळं फुटलेली नाहीत. ऑगस्टमध्ये मरियामातेच्या सणाआधी मी आणि बाबा सायकलवरून तुझ्याकडे येतोय.

दोन वर्षं बाबा आले नाहीत म्हणून तू रागावलीस, ते बरोबरच आहे. पण यंदा नक्की. आम्ही दोन सीटची जोडसायकल घेतलीय. हँडल माझ्याकडे, बाबा मागे. बाबांचा गुडघा दुखतो ना, म्हणून. घाई नाही. तीन दिवस काढू. हमरस्त्यावर लाकडांचे ट्रक फार, म्हणून नकाशावर जे बारीक पांढरे रस्ते दाखवतात, ज्यांच्यावर दिवसभरात एखादी बैलगाडी आणि चार कोंबड्या भेटतात, त्यांनीच यायचं. उसाँपर्यंत मी शोधलेत. उसाँच्या पुढे नकाशात रस्त्यांचा नुसता गुंता आहे. लग्नाआधी तू लेस विकायला तिथूनच जायचीस ना? मग तूच सांग वाट.

तुझी ओदिल

(हा निळा कागद फक्त पोस्टमन बार्तेलेमीकाकांसाठी. काका, हा आजीला वाचून दाखवू नका. गुडघ्याचं खोटं आहे. दोन वर्षांपूर्वी सायकलींच्या कारखान्यात जोडकाम करताना भट्टीचा भडका उडाला आणि बाबांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासूनची पत्रं ते सांगतात, मी लिहिते. आई नाही, घरात आम्ही दोघंच. ऑक्टोबरात मी नर्सिंग शिकायला लिआँला जाणार. आंधळ्यांच्या एका संस्थेचा अर्ज बाबांनी माझ्याकडून भरून घेऊन टेबलावर ठेवलाय. एकदा तिथं गेले की ते परत कुठे निघणार नाहीत, हे मला कळतं. दोन वर्षं खुर्चीतून उठत नव्हते, या प्रवासाला कसेबसे तयार झालेत, तेही एका अटीवर. आजीला कुणी काही सांगायचं नाही. तिच्या दारात स्वतःच्या पायांवर उभं राहून तेच सांगणार. त्याआधी तिला कळलं तर ते मागे फिरतील. तेव्हा काका, कृपा करून गप्प राहा.)


ला ब्रुगेर,
११ जुलै १९५४

ओदिल पोरी,

तुला माझा पोटभर आशीर्वाद. तुझ्या बापाला अर्धा. उरलेला अर्धा तो दारात आला की देईन.

म्हणे गुडघा! त्याच्या बापाचा गुडघा एका गाईनं मोडला होता, तरी बाजाराचा दिवस चुकला नाही त्यांचा. आणि ही जोडसायकल कसली? मागे बसून आयता येणार होय? मागचा पायडल मारतो की नुसता बसतो, हे पुढच्याला कळतं का गं? नसेल कळत तर चढावर मध्येच थांबून बघ.

वाट विचारलीस. आता मला पाट्या वाचता येत नाहीत हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, निदान तुला तरी आहे. (लिही रे बार्तेलेमी, लाजतोस काय? मी नाही लाजत.) तेव्हा मी सांगेन ती वाट पाट्यांशिवायची. उसाँच्या चर्चला पाठ केलीत की तांबड्या दरवाजांचं घर लागेल, तिथे उजवीकडे. पुढे निळा रंग दिलेला दगडी क्रूस. त्याच्या पलीकडे दोन वाटा. ज्या वाटेवर बर्चची पांढरी झाडं आहेत ती घ्या. आन्स नदी ओलांडलीत की वर टेकडीवर भाजलेल्या ब्रेडच्या रंगाचं एक छप्पर दिसेल, ते सतत डोळ्यांसमोर ठेवा. त्याला तोंड करून चालत राहिलं की क्रापोन. पुढे मी सांगायला नको.

बापाला म्हणावं, वजन कमी कर. रस्ता माझ्या ओळखीचा आहे, तो जाडजूड माणसाला शिव्या देतो.

तुझी आजी फिलोमेन

(ओदिल, आजीनं सांगितलं तसंच लिहिलंय. तुझा निळा कागद वाचून मी सायकल भिंतीला टेकवून बराच वेळ उभा राहिलो. एलोई आणि मी एकाच बाकावर शिकलो. त्याचं अक्षर बदललंय हे मला तेव्हाच दिसलं होतं. वाटलं, हात भाजला असेल. विचारायचं धाडस झालं नाही. मी गप्प राहीन. पण तुझ्या आजीसमोर गप्प राहणं म्हणजे उन्हात बर्फ धरणं. ~ बार्तेलेमी)


सेंतेतियेन,
१८ जुलै १९५४

प्रिय आजी,

तुझी वाट मी बाबांना दोनदा वाचून दाखवली. संध्याकाळी आम्ही सराव करून आलो. आता बाबाच तुला सांगताहेत, लिहिण्याचे कष्ट तेवढे माझे. त्यांच्या बोटाला फोड आलाय.

‘आई, मी मागे बसून आयता येत नाही, हे तुझ्या नातीला विचार. पहिल्या दिवशी तिला दम लागला, मला नाही. जोडसायकलीवर पुढचा बोलतो आणि मागचा ऐकतो, अशी रीत आहे. चढ आला की पोरगी ओरडते, ब्रेक लावण्याआधी ओरडते, खड्डा आला की ओरडते. खड्डे तिला खड्ड्यात गेल्यावर आठवतात. काल फिरमिनीच्या वाटेवर एका घरात कुणीतरी बटाट्याच्या किसाचे वडे तळत होतं. तसे तू करायचीस, लसूण जास्त घालून. परत येताना पाऊस आला. डांबर थंड होतं तसा चाकांचा आवाजही बदलतो, हे मला इतकी वर्षं सायकली बनवून कळलं नव्हतं. तुझी लेस चालू आहे ना? लेस विणायच्या उशीवर लाकडी रिळं पडतात तो टकटक आवाज कानात आहे. एवढंच. थांब, अजून एक. पावाचं पीठ आता तू नको मळूस, शेजारणीला सांग.’

तर असे बाबा. रस्ता जरा आणखी सविस्तर सांगशील? नकाशावर तांबडी दारं दाखवत नाहीत.

तुझी ओदिल


ला ब्रुगेर,
२५ जुलै १९५४

ओदिल पोरी,

मागची वाट फाडून टाक. त्या घराची दारं आता हिरवी केलीत म्हणे, आणि क्रूसाचा रंग उडालाय. म्हातारीचा भरवसा धरू नये. नवी सांगते. नीट लिहून घे रे बार्तेलेमी, आणि मध्येच तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघू नकोस, माशी जाईल.

उसाँ सोडा. चर्चची घंटा पाठीमागे राहू दे. चाकाखाली गुळगुळीत रस्ता असेल तोवर वळू नका. मग रस्ता खडखड बोलायला लागतो, तिथे उजवीकडे उतार आहे. उतारावर सायकल आपणहून पळते, पळू दे तिला. पाइनचा वास येईल, डिंकाचा, नाकात चिकटणारा. तो संपून शेणाचा वास आला की मोरेलचा गोठा. तिथून दोन वाटा फुटतात. लाकूड चिरायची गिरणी ऐकू येईल. ती गिरणी उजव्या कानात ठेवा. डाव्या कानात गेली तर चुकलात. मग गुडघ्यांना गारवा लागेल, ती नदी. पूल लाकडी आहे, चाकं ढोलासारखी वाजतात. पलीकडे चढ. मोठा आहे, बापाला सांग, माझ्या वेळी मी पाठीवर लेसचं गाठोडं घेऊन तो एक जपमाळ म्हणून होईतो चढायचे. माथ्यावर वारा डाव्या गालावर थप्पड मारतो. थप्पड बसली की थांबा, पाणी प्या. पुढे गाईंच्या घंटा ऐकू येतील, त्यांच्या मागे मागे गेलात की क्रापोन.

बटाट्याच्या वड्यांत माझा लसूण जास्त नसतो. तुमचाच कमी असतो. पावाचं पीठ मीच मळते. शेजारणीचे हात थंड आहेत.

तुझी आजी फिलोमेन

(ओदिल, मी काही बोललो नाही. मरियामातेची शपथ. तिनं स्वतःहून पहिली वाट रद्द केली. त्या घराची दारं अजून तांबडीच आहेत, काल मी तिथे पत्र टाकलं. ~ बार्तेलेमी)


क्रापोन,
१० ऑगस्ट १९५४

आजी,

आम्ही तुझ्यापासून नऊ किलोमीटरवर आहोत आणि बहुधा पोचणार नाही. म्हणून सगळं सांगते. बार्तेलेमीकाका, आता सगळं वाचून दाखवा, काही लपवू नका.

बाबांना दिसत नाही, आजी. दोन वर्षांपूर्वी भट्टीच्या भडक्यात डोळे गेले. गुडघा, फोड, सगळं मी रचलेलं. माफ कर.

रविवारी आम्ही निघालो. पहिला दिवस बाबा एक शब्द बोलले नाहीत. पायडल मात्र असा मारत होते की मला नुसतं हँडल धरून बसावं लागलं. सँ-बोनेला एका खानावळीत मालकीणबाईनं मला विचारलं, ‘यांना सूप चालेल ना?’ बाबा म्हणाले, ‘यांना ऐकूही येतं, बाई.’

आज सकाळी उसाँच्या पुढे, त्या गोठ्यापाशी, मी नकाशा घेऊन फाट्यावर उभी होते. पाटी एका गाडीनं पाडलेली, गवतात पालथी. मी डावीकडे घेतलं. पंधरा मिनिटांनी बाबा म्हणाले, ‘आईचं पत्र वाच.’ मी वाचलं. ते म्हणाले, ‘गिरणी डाव्या कानात आहे. वळव.’

आणि आजी, तिथून पुढे हँडल माझ्या हातात होतं एवढंच. ‘आता खडी संपेल.’ ‘आता उतार, ब्रेक सोड, सोड म्हणतो ना!’ ‘नदी आली बघ.’ बाबा शीळ घालत होते. दोन वर्षांत मी त्यांची शीळ ऐकली नव्हती. पुलावर चाकं वाजली तशी ते मोठ्यानं हसले. वाटेत एकही गाडी नाही, माणूस नाही. एक गाय आमच्याकडे बघत होती, मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘तिला टोपी काढून दाखव.’

माथ्यावर वारा डाव्या गालावर लागला. आम्ही पाणी प्यायलो. ते म्हणाले, ‘पत्र पुन्हा वाच.’ मी वाचलं. ‘पुन्हा.’ तिसऱ्यांदा वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

‘यात एकही रंग नाही,’ ते म्हणाले. ‘पहिल्या पत्रात तांबडं होतं, निळं होतं. यात एक नाही. तिला कुणी सांगितलं?’

मी म्हटलं, मी नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. बसला तरी काही बदलत नव्हतं. म्हणाले, ‘मला एकच गोष्ट स्वतः करायची होती. तीही तिनं माझ्या आधी उरकली. आता मी दारात गेलो तर ती आंधळ्या मुलाला आत घेईल. एलोईला नाही.’

इथं क्रापोनच्या खानावळीत ते भिंतीकडे तोंड करून बसलेत. परवा सकाळच्या बसनं परत जायचं म्हणतात. अर्ज खिशात आहे, मला ठाऊक आहे, मी बघितला.

काका उद्या सकाळी पोस्टाची पिशवी न्यायला इथे येतील तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती पडेल. आजी, काय करू ते तूच सांग.

ओदिल


ला ब्रुगेर,
११ ऑगस्ट १९५४, दुपार

एलोई,

हे पत्र तुला आहे. ओदिल फक्त वाचणार. पोरी, रडत वाचू नकोस, त्याला कळेल, त्याचे कान चांगले आहेत.

पहिली गोष्ट, कुणी सांगितलं नाही. बार्तेलेमी बिचारा महिनाभर घामाघूम झालाय. पाकिटातून दोन कागद निघाले आणि त्यानं एकच वाचला. मला वाचता येत नाही, मोजता येतं. पण त्याच्याकडून मी काही काढून घेतलं नाही. मला त्याच्याही आधी कळलं होतं, मागच्या नाताळच्याही आधीच्या नाताळला.

कसं? अरे, मी आयुष्यभर पत्रं कानांनी ऐकली. हातानं लिहिलेलं पत्र आणि तोंडानं सांगितलेलं पत्र मला वेगळं ऐकू येतं. हातानं लिहिणारा ‘एवढंच’ म्हणून ‘थांब, अजून एक’ म्हणत नाही. ते मी म्हणते. पहिल्यांदा तुझ्या पत्रात ‘थांब’ आलं तेव्हा वाटलं, हा माझ्यासारखाच झाला की काय! मग ऐकत गेले. तू रंगाऱ्याशी भांडणारा माणूस. कारखान्यातल्या कुठल्या सायकलीला कसला हिरवा दिला, हे दर पत्रात लिहून मला पिडणारा. त्या नाताळनंतर तुझ्या पत्रांतून हिरवा गेला, निळा गेला, सगळे गेले. नुसते आवाज आणि वास राहिले. मी लेस विणत बसले आणि मनात म्हटलं, बरं.

मग मी का बोलले नाही? कारण ती गोष्ट तुझी होती. कधी सांगायची, कुठे बसून सांगायची, सांगायची की नाही, ते तुझं. मला कळलं म्हणजे तू सांगितलंस असं होत नाही. पहिली वाट मुद्दाम रंगांची सांगितली, तुला शंका येऊ नये म्हणून. मग दुसऱ्या पत्रात ती गिरणी घातली, तिथे माझी चूक झाली. तू रस्ता चुकू नयेस एवढंच डोक्यात होतं. बाकीचं विसरले.

आता दुसरी गोष्ट. तू सहा वर्षांचा होतास. बाजाराला जाताना तू प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचास. दुकानांच्या, रस्त्यांच्या, अगदी डॉक्टरच्या दारावरचीसुद्धा. लोक म्हणायचे, पोराला शाळेचं वेड लागलंय. वेड नव्हतं. मी ते कुणाला बोलले नाही, तूही नाही. तू पाट्या वाचायचास ते मला चारचौघांत विचारावं लागू नये म्हणून. एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाहीस, समजलं का म्हणून विचारलं नाहीस. वाचायचास आणि पुढे पळायचास. मी तुझ्या मागे मागे बरोबर पोचायचे. तेव्हा मला कधी वाटलं नाही की माझा मुलगा एका अडाणी बाईला नेतोय. वाटायचं, एलोई आणि मी बाजाराला चाललोय.

तेव्हा असं करू. मला काहीही माहीत नाही. मी दारात बसेन, उशी मांडीवर घेऊन. तू ये आणि सांग. मी चकित होईन. चकित व्हायला मला छान जमतं, पन्नास वर्षं पाद्रीबाबांच्या प्रवचनाला दर रविवारी होतेय.

यायचं नसेल तर बस सकाळी सातला सुटते. तिकीट काढताना पुढची सीट माग, मागे धक्के बसतात.

उरलेल्या नऊ किलोमीटरची वाट मी सांगणार नाही. ती तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आई

(हे पत्र घेऊन मी लगेच क्रापोनला निघतोय. आजचं टपाल उद्या वाटेन. साहेबांना काय सांगायचं ते बघू. ~ बार्तेलेमी)


ला ब्रुगेर,
३१ ऑक्टोबर १९५४

ओदिल पोरी,

लिआँत जेवण बरं मिळतं का? तिथे लोणी फार घालतात म्हणे. खा, पण सवय लावून घेऊ नकोस.

तू मला परत परत विचारतेस, त्या दिवशी मी खरंच चकित झाले होते का म्हणून. तू सायकल धरून कुंपणापाशी उभी राहिलीस, तुला ऐकू गेलं नसणार. सांगते. तो एकटा आला. तो शेवटचा दगडी उतार, आपल्या गोठ्यापासून दारापर्यंत, पायानं चाचपत. उंबऱ्याशी थांबला. म्हणाला, ‘आई, मला दिसत नाही.’ मी ठरवल्याप्रमाणे हातातलं रीळ खाली टाकलं. तो म्हणाला, ‘नाटक पुरे.’ मग मला काही सुचेना, खरंच सुचेना. इतक्या दिवसांची तयारी वाया गेली. तोंडातून निघालं, ‘पाय पूस. फरशी आत्ता धुतलीय.’ त्यानं पाय पुसले. चांगले घासून पुसले.

अर्जाचं काय झालं तेही विचारतेस. तो कागद बार्तेलेमीनं चूल पेटवायला घेतला, एलोईला विचारून घेतला हो. मग दोघं जोडसायकलीवर बसले. बार्तेलेमी पुढे. गावच्या उतारावर बार्तेलेमी ओरडत होता आणि एलोई ‘सोड, सोड ब्रेक’ म्हणून ओरडत होता. कोंबड्या अजून सावरलेल्या नाहीत. दुपारी एलोई माझ्या रिळांवर दोरा गुंडाळतो. वाईट गुंडाळतो. मी उलगडून परत देते.

आता खरी गंमत ऐक. तुझं मागचं पत्र शनिवारी आलं. बार्तेलेमीची दाढ सुजली होती, बदलीवर कुणी परका पोस्टमन होता. तो पत्र उंबऱ्यावर ठेवून शिट्टी वाजवत निघून गेला. शेजारीण माहेरी. आता बघ, घरात पत्र, आणि घरात आम्ही दोघं. त्याला दिसत नाही, मला येत नाही. मी पाकीट फोडलं. एलोई म्हणाला, ‘किती पानं?’ मी म्हटलं, ‘दोन, आणि दुसरं अर्धंच भरलंय.’ त्यानं पानांवरून बोटं फिरवली. म्हणाला, ‘पहिल्या पानावर खाली पेन फार दाबलंय, इथे ती चिडलीय.’ मी वास घेतला. म्हटलं, ‘कांद्याच्या सूपाजवळ बसून लिहिलंय, म्हणजे घरमालकीण चांगली आहे.’ तो म्हणाला, ‘चिडलीय म्हणजे कुणी तरुण पोरगा असणार.’ मी म्हटलं, ‘कांदा असताना पोरगा कसा असेल?’ असं आम्ही रविवार अख्खा भांडलो. प्रार्थनेला जायचं राहून गेलं. रात्री तो पोरगा डॉक्टर झाला होता आणि मी त्याला नकारही देऊन टाकला होता.

सोमवारी बार्तेलेमीनं गाल बांधून येऊन वाचून दाखवलं. पोरगा नाही, डॉक्टर नाही. तुझ्या खोलीची खिडकी बंद होत नाही म्हणून तू चिडली होतीस. बार्तेलेमी वाचून उठला, त्याला कॉफी दिली, तो गेला. मग एलोई म्हणाला, ‘डॉक्टरच बरा होता.’

तेव्हा तुला एक सांगायचंय. थांब, एलोईही तेच म्हणतोय. पुढचं पत्र शनिवारी पोचेल असं टाक. बार्तेलेमीला मी बजावलंय, सोमवारपर्यंत ते वाचायचं नाही.

तुझी आजी फिलोमेन